गाळून पोहोचलेली माणसे

मोबाइलवर बोलता बोलता पलीकडचा माणूस थांबतो, तेव्हा आपल्या कानाला जी शांतता ऐकू येते ती बहुतेक वेळा त्याच्या खोलीतली शांतता नसते. दोघांच्या बोलण्यात प्रत्येक जण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ गप्प असतो, आणि त्या गप्प वेळातही त्याच्याकडून आवाजाची रवानगी चालू ठेवली तर बॅटरी वाया जाते आणि इतरांच्या संभाषणांची जागाही अडते. म्हणून १९९० च्या दशकात डिजिटल मोबाइल यंत्रणा रूढ होत असतानाच अभियंत्यांनी अशी व्यवस्था केली, की माणूस बोलायचा थांबला की त्याच्या फोनने आवाज पाठवणेही थांबवावे. परंतु त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात अशी ठार पोकळी पडते, की फोन कट झाला असेच वाटावे. त्यावर उपाय असा निघाला, की पलीकडच्या खोलीतला आवाज साधारण कसा आहे याचे त्रोटक वर्णन अधूनमधून येत राहावे आणि त्यावरून ऐकणाऱ्याच्याच फोनने एक मंद खरखर तयार करून त्याच्या कानात सोडावी. तंत्रज्ञांच्या बोलीत तिला ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात. आपण ज्याला समोरच्याचे गप्प होणे समजतो, ते आपल्याच हातातल्या यंत्राने आपल्यासाठी बनवलेले असते.

ही माहिती वाचली तेव्हा मला फसवले गेल्यासारखे वाटले नाही. उलट त्या योजनेमागची कल्पकता मनापासून आवडली. पण तेव्हापासून दूरच्या माणसाशी बोलताना एक विचार सारखा मनात घोळू लागला. दूरसंपर्काच्या प्रत्येक साधनाला काय पाठवायचे आणि काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, कारण शब्द कळायला तेवढा पुरतो. श्वासाचे आणि सकाराचे त्यापलीकडचे बारकावे बोलणाऱ्याच्या घरातच राहत. आजचा व्हिडिओ कॉल क्षणाक्षणाला संपूर्ण चित्र पाठवत नाही, तर आधीच्या चित्राच्या मानाने जे बदलले तेवढेच प्रामुख्याने पाठवतो. आवाज स्वच्छ करणारी प्रणाली पंख्याची घरघर आणि पावसाची रिपरिप पुसून टाकते. यातला प्रत्येक निर्णय समंजस आहे, आणि ते घेतले नसते तर समुद्रापलीकडचा माणूस इतक्या सहज आपल्याशी बोलूच शकला नसता. माझे म्हणणे एवढेच आहे, की अनावश्यक म्हणून जे जे बाजूला पडते त्यातूनच बरीचशी भेट घडलेली असते, आणि हे बाजूला पडल्यावर जे उरते त्यालाच आपण भेट म्हणू लागलो आहोत.

साध्या बोलण्याची लय घ्या. माक्स प्लांक संस्थेतल्या भाषाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १० भाषांमधली रोजची संभाषणे त्यांनी तपासली, तेव्हा एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांमधले अंतर सगळ्या भाषा मिळून सरासरीने सुमारे ०.२ सेकंद भरले. एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यातली नवलाई कळते. याचा अर्थ असा, की समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या बोलण्याचा शेवट ओळखतो. त्याचा उतरत चाललेला सूर, त्याने घेतलेला श्वास, किंचित हललेला हात आणि आपल्याकडे वळलेली नजर यांवरून आपण त्याच्या वाक्याच्या टोकाशी आधीच जाऊन थांबलेले असतो. समोरासमोर गप्पा रंगतात तेव्हा दोन माणसे एकमेकांच्या किती आत शिरलेली असतात!

हीच लय तारेतून नेताना काय होते? आवाजाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जायला शक्यतो १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ही मर्यादा पाळली तरी जाऊन-येऊन ३०० मिलिसेकंद, म्हणजे ०.३ सेकंद होतात, माणसांच्या नैसर्गिक अंतराहून जास्त. आणि इंटरनेटवर ती नेहमी पाळली जातेच असे नाही. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात, ‘बोला, तुम्ही बोला’ असे होते आणि जे सांगायचे होते त्याची धार निघून जाते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे दाखवले, की तारेतला हा उशीर लोक तारेच्या नावावर न लिहिता माणसाच्या नावावर लिहितात. बोलणाऱ्याला समोरचा कमी लक्ष देणारा वाटू लागतो. हे वाचल्यावर मला दूरदेशी असलेल्या मुलांविषयी त्यांच्या आईवडिलांनी मूकपणे धरून ठेवलेल्या किती तरी तक्रारी आठवल्या. ‘फोनवर त्याचे लक्षच नसते’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत तरी दोष मुलाचा नसून वाटेतल्या विलंबाचा असावा.

नजरेची गोष्ट याहून अवघड आहे. कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि माणूस पडद्यावर असतो. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिले तर त्याला माझी नजर खाली झुकलेली दिसते, आणि त्याला मी त्याच्याकडे पाहते आहे असे वाटावे म्हणून कॅमेऱ्याकडे पाहिले तर मला तो दिसेनासा होतो. डोळ्याला डोळा भिडणे या मांडणीत शक्यच नाही. आता बुबुळे हलक्या हाताने सरकवून माणूस थेट समोर पाहतो आहे असे दाखवणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यामुळे पलीकडचा माणूस बाजूला काही वाचत असला तरी त्याचे डोळे माझ्यावर स्थिरावलेले दिसू शकतात. बनवलेली शांतता मला चालते, पण बनवलेली नजर मी स्वीकारू शकत नाही. कोणी आपल्याकडे पाहते आहे आणि कोणी नजर टाळते आहे, हे ओळखण्यावर माणसांचा एकमेकांवरचा विश्वास उभा आहे. तिथे यंत्राने भर घालू नये असे मला आग्रहाने वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेले. बातमी कळल्यावर सगळ्यांनी केले तेच मीही केले. संदेश पाठवला, आणि मग तिच्याकडे जायला निघाले. वाटेत मनाशी काही वाक्ये जुळवत होते, पण तिच्या समोर बसल्यावर त्यातले एकही बोलावेसे वाटले नाही. ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिच्या मांडीवर वडिलांच्या चष्म्याचे घर होते. ती ते उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. झाकणाच्या बिजागरीचा बारीक टक् असा आवाज होई. तिच्याजवळचा फोन मधूनमधून उजळत होता. श्रद्धांजलीचे संदेश येतच होते आणि त्यांतल्या बहुतेकांचे शब्द सारखेच होते, कारण अशा वेळी कोणाच्याच जवळ नवे शब्द नसतात. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग तिने चष्मा बाहेर काढून उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “हे बघ, या काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा आहे. पुसू की राहू देऊ, मला कळत नाही.”

मी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. मला वारंवार आठवते ते हे, की हे वाक्य यायला तो सगळा मूक वेळ लागला. फोनवर आम्ही दोघींनी एवढा वेळ गप्प राहण्याची कल्पनाच करता येत नाही. एकीने तरी ‘हॅलो’ म्हटले असते, नाही तर ‘बरं, ठेवते, काळजी घे’ असे म्हणून तिला मोकळे केले असते. पडद्यावर तिचा चेहरा दिसला असता, पण मांडीवरचे ते घर चौकटीच्या खाली राहिले असते, आणि बिजागरीचा तो टक् आवाज नको असलेला आवाज म्हणून पुसलाही गेला असता. तिचे दुःख माझ्यापर्यंत आले ते तिने काही सांगितल्यामुळे नव्हे. सांगण्यासारखे काही नसतानाही मी तिथे होते, म्हणून आले.

माणसाचे मन हा फरक फार लहानपणापासून ओळखते. अमेरिकेतल्या भाषावैज्ञानिक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला यासाठी नेहमी आठवतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांसमोर ती भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, त्यांनी गोष्टी वाचल्या, खेळणी दाखवली. इतर काही बाळांना तीच माणसे आणि तोच मजकूर पडद्यावर दाखवला गेला किंवा नुसता ऐकवला गेला. प्रत्यक्ष माणसांसोबत असलेली बाळे चिनी भाषेतले परके ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळे, ज्यांनी ती भाषा कधीच ऐकली नव्हती अशा बाळांहून पुढे गेली नाहीत. शब्द तेच होते, चेहरे तेच होते आणि वेळही तेवढाच होता. पण पडद्यावरचा माणूस बाळाने बोट दाखवले तर तिकडे पाहत नाही, बाळ कंटाळले तर थांबत नाही. जो आपल्याला प्रतिसाद देत नाही त्याच्याकडून शिकावे असे त्या जिवाला वाटलेच नसावे.

या ठिकाणी मला दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने मांडली पाहिजे, कारण या विषयावर लिहिताना यंत्राला सरसकट दोष देणे सोपे असते आणि ते खरे नसते. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणिते सोडवायला लावले. त्या ताणानंतर काही मुलींना आईच्या कुशीत जाऊ दिले आणि काहींना आईशी फक्त फोनवर बोलू दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे, की आईच्या नुसत्या आवाजानेही जवळ घेण्याइतकाच दिलासा दिला. ताणाचे संप्रेरक उतरले आणि जवळिकीशी जोडले जाणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढले. मात्र पुढच्या, २०१२ मधल्या अभ्यासात काही मुलींना आईशी लिखित संदेशांतून बोलायला दिले, तेव्हा त्यांच्या शरीराने आईचा कोणताही संपर्क न झालेल्या मुलींसारखाच प्रतिसाद दिला. आईने लिहिलेले शब्द मायेचेच असणार. पण ते टाइप होऊन पोहोचले तेव्हा त्यातली आई गळून गेली होती.

म्हणून फोनवरच्या आवाजाला मी कमी लेखत नाही. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसे व्हिडिओ कॉलमुळे दूरच्या आप्तांशी आपल्या खुणांच्या भाषेत बोलू लागली, हे केवढे मोठे काम या तंत्राने केले आहे! अंथरुणाला खिळलेल्या, सरहद्दीवर असलेल्या, घर सोडून पोटामागे गेलेल्या माणसांना या साधनांनी जो आधार दिला त्याचे मोल करता येणार नाही. २०२० च्या महामारीत कित्येकांना आपल्या माणसाचा अखेरचा निरोप रुग्णालयातल्या परिचारिकेने धरलेल्या फोनमधूनच घ्यावा लागला. तो पडदा नसता तर तेवढेही झाले नसते.

माझे दुःख वेगळे आहे. जिथे मधे अंतर नव्हते तिथे आपण ते आणून ठेवले. एकाच घरातली माणसे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत संदेश पाठवतात. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मित्राकडे सहज डोकावणे आता अगोचरपणाचे वाटते. आधी विचारायचे, त्याने ‘नंतर सांगतो’ म्हणायचे, आणि ते नंतर कधी येतच नाही. फोन करण्यापूर्वीही ‘बोलू शकतो का’ असा संदेश पाठवण्याची रीत पडली आहे. यात एकमेकांच्या वेळेचा मान आहे हे मला मान्य आहे. पण पूर्वी भेटायला कारण लागत नसे, ते आता लागू लागले, आणि कारण असले की ते काम संदेशानेच होऊन जाते. दारात आलेल्या माणसाला ‘कशाला एवढे आलास, फोन करायचास ना’ असे म्हणताना आपल्याला त्याची काळजीच वाटत असते, तरी त्या वाक्याने पुढच्या वेळचे त्याचे पाऊल अडते.

अनोळखी माणसांशी होणारे दोन शब्दांचे व्यवहारही असेच ओसरत चालले आहेत. तिकीट, औषध, किराणा, पुस्तक, सारे काही कोणाचेही तोंड न पाहता मिळते. हे संबंध फारसे महत्त्वाचे नसतात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी एका कॉफीच्या दुकानात केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या काही गिऱ्हाइकांना कॉफी देणाऱ्याकडे हसून पाहून चार शब्द बोलायला सांगितले होते, तर काहींना झटपट काम उरकायला. बोलणारे लोक अधिक प्रसन्न होऊन बाहेर पडले आणि आपण कुठल्या तरी समुदायातले आहोत असे त्यांना अधिक जाणवले. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या आयुष्यात दिवसभरातला मानवी आवाज एवढाच असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

प्रत्यक्ष हजर असतानाही आपण पूर्ण हजर नसतो, याचाही उल्लेख केला पाहिजे. लहान मुलांचा एक कार्यक्रम पाहायला मी गेले होते. रंगमंचावर सहा-सात वर्षांचा एक मुलगा आपली ओळ म्हणून थांबला आणि त्याने प्रेक्षकांत आईवडिलांना शोधायला नजर फिरवली. पुढच्या रांगांत जवळजवळ प्रत्येक चेहऱ्यासमोर फोन होता. त्याची आई चित्रीकरणात इतकी गुंतली होती, की तो तिच्याकडे पाहतो आहे हे तिने पाहिले ते पडद्यावर. आणि त्याला दिसली ती फोनची पाठ. लिंडा हेंकल यांनी एका संग्रहालयात केलेल्या आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की ज्या वस्तूंचे छायाचित्र काढले त्यांचे तपशील लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. यंत्र लक्षात ठेवील असे मन धरून चालते. त्या मातेने आपल्या मुलाचा तो क्षण जपून ठेवला यात शंका नाही. तो दोघांमध्ये घडायचा मात्र राहिला.

माझा मावसभाऊ आणि त्याची थोरली बहीण यांच्यात मावशीच्या देखभालीवरून वाद झाला, तो पुष्कळसा लिहूनच झाला. मावशी ताईकडे असते. ताईने रात्री उशिरा एक संदेश पाठवला, की आता मी थकले आहे, काहीतरी ठरवायला हवे. भावाने तो दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत वाचला आणि त्याला तो टोमणा वाटला. त्याने हिशेब मांडून उत्तर दिले. तिने त्या हिशेबाला उत्तर दिले. बोलताना शब्दाने शब्द वाढतो, तसा लिहितानाही वाढतो. मात्र बोललेला शब्द हवेत विरतो; लिहिलेला मागे राहतो, तारखेसह आणि वेळेसह. दोघेही एकमेकांचे जुने संदेश पुन्हा पुन्हा उघडून वाचत, त्यातले ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द नव्याने लागत, आणि समोरच्याने वाचले आहे पण उत्तर दिलेले नाही हे दाखवणारी ती निळी खूण मनाला टोचत राही. मधल्या काळात ते संदेश इतर नातेवाइकांनाही दाखवले गेले. काही महिने दोघांत बोलणे नव्हते.

पुढे मावशीचे एक शस्त्रक्रियेचे काम निघाले, आणि दोघांना बाहेरच्या बाकावर दुपारभर शेजारी बसावे लागले. मी तिथे होते. सुरुवातीचा वेळ अवघड गेला. मग ताई पाण्याची बाटली उघडायला लागली आणि तिला झाकण फिरवता येईना. मावशीला उचलून-बसवून तिचे मनगट सुजलेले होते. भावाने बाटली हातातून घेतली, उघडून दिली, आणि तिच्या मनगटाकडे पाहत राहिला. “ताई, तू किती वाळलीस,” एवढेच तो म्हणाला. ‘मी थकले आहे’ हे तिने त्याला किती तरी वेळा लिहून कळवले होते. त्याने ते प्रत्येक वेळी वाचलेही होते.

त्यानंतर ते दोघे बरेच भांडले, मोठ्याने भांडले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वळून पाहिले. त्या दुपारी कोण नेमके काय बोलले हे दोघांनाही आता धड सांगता येत नाही. मावशी वर्षातून किती दिवस कोणाकडे राहणार, यावर त्यांचे अजूनही पूर्ण एकमत झालेले नाही. पण भाऊ आता सुट्टीच्या दिवशी ताईकडे जातो, मावशीला अंघोळ घालायला मदत करतो, आणि जो काही वाद घालायचा तो तिथेच, तिच्या समोर बसून घालतो.